विंचवाचे विष आणि रक्तवाहिनीचा ब्रेक

अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यातील, पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या कोरड्या तालुक्यांत विंचवाची कोणाला ओळख करून द्यावी लागत नाही. शेताचे दगडी बांध, गोवऱ्यांचे ढीग, सरपण, उसाच्या फडातले पाचट आणि ऊसतोड कामगारांच्या कोप्या ही त्याची नेहमीची ठिकाणे. काळा, आकाराने मोठा विंचू दिसला की माणूस दचकतो. पण खरा धोका असतो तो दोन-तीन इंच लांबीच्या, तांबूस-पिवळसर रंगाच्या विंचवापासून. शास्त्रीय परिभाषेत त्याचे आजचे नाव हॉटेन्टोटा टॅम्युलस. पूर्वी त्याला ब्यूथस टॅम्युलस आणि मेसोब्यूथस टॅम्युलस म्हणत, आणि वैद्यकीय लेखनात ही जुनी नावे अजून सर्रास आढळतात. आपल्या बोलीतला हा तांबडा विंचू.

रक्तवाहिन्यांच्या विकारांवर संशोधन करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत या विंचवाला गेली तीन दशके मानाचे स्थान आहे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. त्याच्या विषातून वेगळा केलेला एक रेणू नसता, तर आपल्या धमन्या स्वतःला आकसण्यापासून कशा आवरतात हे उलगडायला आणखी बराच वेळ लागला असता. दुसरीकडे, हेच विष माणसाच्या रक्तवाहिन्या इतक्या आवळते की धडधाकट मूल काही तासांत हृदय निकामी होऊन दगावू शकते. या दोन गोष्टी एकाच विषाच्या पोटातल्या आहेत, आणि दोन्हींचा धागा महाराष्ट्रातून जातो.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. विंचवाचे विष सापाच्या विषासारखे रक्त गोठवण्याची क्रिया बिघडवून किंवा मांस कुजवून मारत नाही. त्यातील मुख्य घटक म्हणजे अगदी लहान प्रथिने, ज्यांना पेप्टाइड म्हणतात. ती मज्जातंतूंच्या आवरणातील सोडियम चॅनेलना जाऊन चिकटतात. सोडियम चॅनेल म्हणजे विद्युत संदेश पुढे नेण्यासाठी क्षणभर उघडणारी आणि लगेच मिटणारी सूक्ष्म दारे. विष लागले की ही दारे वेळेवर मिटत नाहीत. परिणामी मज्जातंतू एकामागून एक संदेश सोडत राहतो. हे त्वचेतील वेदनावाहक तंतूंत घडले की असह्य कळा येतात. पण हृदय आणि रक्तवाहिन्या ज्यांच्या ताब्यात असतात त्या स्वायत्त मज्जासंस्थेच्या तंतूंतही तेच घडते, आणि तेथे खरा अनर्थ होतो.

सुरुवातीला उलट्या होतात, तोंडाला लाळ सुटते, अंग घामाने निथळते. संत एकनाथांच्या विंचवावरील भारुडात घामाचा उल्लेख आला आहे. नाथांना सांगायचे होते ते कामक्रोधाविषयी, हे खरे. पण लक्षण त्यांनी अचूक टिपले आहे. पैठण नगर जिल्ह्याच्या अगदी शिवेवर आहे, हे लक्षात घेतले की या निरीक्षणाचे नवल वाटत नाही. यानंतर अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन यांचा पूर येतो. धमन्यांच्या भिंतीतील स्नायू आकसतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब भडकतो. हृदयाला जणू बंद नळात पाणी ढकलावे लागते. त्याच वेळी या रसायनांचा मारा खुद्द हृदयाच्या स्नायूवरही होतो आणि तो थकून ढिला पडतो. पुढे जाऊ न शकणारे रक्त मागे फुप्फुसात तुंबते, श्वासात घरघर ऐकू येते, तोंडातून गुलाबी फेस येतो. पूर्वी या टप्प्यावर आलेला रुग्ण सहसा हाती लागत नसे. १९६० च्या दशकाच्या आरंभी कोकणातून आलेल्या नोंदींत रुग्णालयात दाखल झालेल्या गंभीर रुग्णांपैकी सुमारे तीस टक्के दगावल्याचे दिसते.

हृदयाच्या स्नायूची ही हानी विष थेट करते की शरीराचीच रसायने करतात, हा प्रश्न बराच काळ अनिर्णित होता. इस्रायलमधील बीरशेबा येथे गुएरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ ते १९७० या काळात तेथील विंचूदंशाच्या रुग्णांचे हृदयालेख, लघवीतील अ‍ॅड्रिनॅलिनजन्य पदार्थ आणि दगावलेल्यांच्या हृदयातील ऊतींचे बदल यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून मिळालेले चित्र अ‍ॅड्रिनॅलिनच्या अतिरेकाने होणाऱ्या हृदयविकाराशी जुळणारे होते. आज मोठ्या मानसिक धक्क्यानंतर काहींचे हृदय तात्पुरते ढिले पडते आणि त्याला ‘टाकोत्सुबो’ म्हणतात. त्याचा आणि विंचूदंशातील हृदयाचा जवळचा नातेसंबंध आता हृदयरोगतज्ज्ञ मान्य करतात. दोन्हींतील दिलासा देणारी बाब अशी की रुग्ण पहिले काही दिवस तगला, तर बहुधा हृदय पूर्ववत होते. म्हणजे लढाई असते ती केवळ काही तासांची.

ही लढाई जिंकून दाखवली ती महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते १९७६ मध्ये रुजू झाले. हाती ना अतिदक्षता विभाग, ना प्रयोगशाळा. रुग्णाच्या खाटेशी रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचे तापमान यांच्या नोंदी करणे एवढेच शक्य होते, आणि त्यांनी तेच केले. कोणत्या रुग्णाचे हृदय पुढे धोक्यात येणार हे सुरुवातीच्या लक्षणांवरून कसे ओळखावे, हे सांगणारे त्यांचे टिपण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी एक साधा विचार केला. धमन्या आवळल्या जातात त्या नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ‘अल्फा’ नावाच्या ग्राहकांवर बसल्यामुळे. मग ते ग्राहकच अडवले तर? असे करणारे प्राझोसिन नावाचे औषध रक्तदाबासाठी बाजारात होतेच. गोळी स्वस्त, तोंडाने देण्याजोगी, खेड्यातही ठेवता येईल अशी. विंचूदंशातील तिच्या उपयोगावरील त्यांचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाला. जेथे प्राझोसिन वेळेवर दिले जाऊ लागले तेथे तीस टक्क्यांचे मृत्युप्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. शास्त्रीय जगाने त्यांची दखल त्याच्या कितीतरी आधी घेतली होती.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. रक्तवाहिन्यांच्या विकारांवरील संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरे कोट आणि महागडी यंत्रे येतात. बिरवाडीत यंत्र होते ते रक्तदाब मोजण्याचे. पण धमनीच्या भिंतीतील कोणता ग्राहक अडवायचा याचे उत्तर ज्या प्रयोगांनी दिले, ते प्रयोग दुसरीकडे, यंत्रांच्या मदतीनेच झाले होते. खाटेशेजारचे निरीक्षण आणि टेबलावरचा प्रयोग यांची गाठ पडली तेव्हा गोळी सापडली.

आता त्या टेबलाकडे वळू. १९९० मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत आपल्याच तांबड्या विंचवाच्या विषातून ३७ अ‍ॅमिनो आम्लांची साखळी असलेले एक पेप्टाइड शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. त्याचे नाव आयबेरिओटॉक्सिन. नावावरून स्पेन-पोर्तुगालची आठवण होते, पण माल अस्सल भारतीय. हे पेप्टाइड सोडियम चॅनेलला हात लावत नाही. ते अडवते एका विशिष्ट पोटॅशियम चॅनेलला, ज्याला शास्त्रज्ञ ‘बीके’ चॅनेल म्हणतात. आणि अडवते तेही फक्त त्यालाच. शेजारच्या इतर पोटॅशियम चॅनेलकडे ते ढुंकून पाहत नाही. संशोधकाच्या दृष्टीने ही निवड करण्याची क्षमता अमूल्य असते. शंभर कुलुपांच्या दारात नेमके एकच कुलूप बंद करणारी किल्ली मिळाली, तर त्या कुलपामागे काय आहे ते कळते.

त्यामागे काय होते? धमनीच्या भिंतीतील स्नायुपेशी आकसते ती कॅल्शियम आत शिरल्यामुळे. रक्तदाब वाढला, भिंत ताणली गेली की कॅल्शियम आत येते, पेशी आकसते, वाहिनी अरुंद होते, त्यामुळे दाब आणखी वाढतो. हे चक्र असेच चालू राहिले तर धमनी स्वतःच स्वतःला आवळून बसेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. का होत नाही, याचे उत्तर व्हरमाँट विद्यापीठातील मार्क नेल्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९२ आणि १९९५ मधील संशोधनाने दिले. पेशीच्या आतील कोठारांतून कॅल्शियमच्या अत्यंत लहान, स्थानिक ठिणग्या उडतात. या ठिणग्या पेशीच्या आवरणाला लागून असलेले बीके चॅनेल उघडतात, पोटॅशियम बाहेर पडते, आवरणावरील विद्युत दाब बदलतो आणि कॅल्शियम आत येण्याची मुख्य दारे मिटू लागतात. ज्या कॅल्शियमने पेशी आकसते, त्याच कॅल्शियमची ठिणगी तिला सैल करते! धमनीने आपल्या भिंतीत बसवून घेतलेला हा ब्रेकच म्हणायचा.

याचा पुरावा मिळवण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. उंदराच्या मेंदूतील केसाएवढी बारीक धमनी काढून तिची दोन्ही टोके काचेच्या सूक्ष्म नळ्यांवर बांधतात. उबदार क्षारद्रावणात ती जिवंत राहते. आतून शरीरातल्याइतका दाब दिला की ती आपोआप थोडी आकसते आणि सूक्ष्मदर्शकातून तिचा व्यास मोजता येतो. आता द्रावणात विंचवाचे हे पेप्टाइड अत्यल्प प्रमाणात मिसळले की धमनी आणखी अरुंद होते. ब्रेक निघाला, म्हणजे तो आधी लागलेला होता हे सिद्ध झाले. तत्त्व इतके सरळ आहे. पण असा नेमका ब्रेक काढणारे दुसरे साधन तेव्हा फारसे कोणाकडे नव्हते.

याचा आपल्या रक्तदाबाशी संबंध काय, असे शहरातला वाचक विचारेल. तो थेट आहे. या चॅनेलला जोडलेला एक साहाय्यक भाग जनुकीय बदलाने काढून टाकलेल्या उंदरांचा रक्तदाब वाढतो, हे २००० मध्ये ‘नेचर’ने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून दिसले. उलट, याच भागात ज्यांच्या जनुकात एक विशिष्ट बदल असतो आणि ब्रेक जरा अधिक सहज लागतो, त्या माणसांत खालचा रक्तदाब वाढण्याचे प्रमाण कमी आढळते, असे स्पेनमधील अभ्यासाने २००४ मध्ये दाखवले. मधुमेह झालेल्या प्रायोगिक प्राण्यांच्या धमन्यांत हा ब्रेक कमकुवत झाल्याचेही दिसून आले आहे. रक्तदाब आणि मधुमेह एकत्र नांदणाऱ्या आपल्या शहरांत या दुव्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. या चॅनेलला उघडणारे औषध रक्तदाबासाठी करता येईल का, यावर काम झाले आहे. पण बीके चॅनेल मूत्राशयात, मेंदूत, कानातही असतात. फक्त धमनीतल्या ब्रेकवर पाय ठेवणारी गोळी बनवणे हे अजून कठीण काम आहे.

एक गैरसमज मात्र टाळायला हवा. दंश झालेल्या माणसाच्या धमन्या आवळल्या जातात त्या मुख्यतः सोडियम चॅनेलवर काम करणाऱ्या विषघटकांमुळे आणि त्यांनी सोडलेल्या नॉरअ‍ॅड्रिनॅलिनमुळे. आयबेरिओटॉक्सिन हा विषातला लहानसा भाग आहे. तरीही त्वरक दाबणारे आणि ब्रेक काढून टाकणारे असे दोन्ही घटक विंचवाने एकाच नांगीत साठवले आहेत, हे पाहून थक्क व्हायला होते. अर्थात विंचवाने हे माणसासाठी केलेले नाही. त्याचे भक्ष्य झुरळे, नाकतोडे, कोळी. आपण मध्ये आलो एवढेच.

आता पुन्हा नगर जिल्ह्याकडे येऊ, कारण येथेच प्रश्न अडतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण खरी असली (पिल्ले खरोखरच आईच्या पाठीवर वाढतात), तरी हे बिऱ्हाड फार दूर जात नाही. विंचू जेथे जन्मतो त्याच्या आसपासच जगतो. त्यामुळे वेगवेगळ्या प्रदेशांतल्या विंचवांचे वंश दीर्घकाळ वेगळे राहतात आणि त्यांच्या विषाची घडणही वेगळी होत जाते. अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले की हा भेद डोळ्यांनी दिसतो. पायाखाली खोल दरीत धो-धो पावसाचे कोकण, आणि पाठीमागे पूर्वेकडे सरकत जाणारे, पावसाला पारखे होत जाणारे दख्खनचे पठार. कडा एकच, पण दोन्ही बाजूंना विंचवाची दोन निराळी जगे.

शेफील्ड हॅलम विद्यापीठातील पीटर स्ट्राँग यांच्या गटाने २००७ मध्ये नेमके हेच तपासले. दमट कोकणातील आणि निमकोरड्या दख्खनमधील तांबड्या विंचवांचे विष घेऊन त्यातील पेप्टाइडांचे वजन वस्तुमान-वर्णपटमापक यंत्रावर मोजण्यात आले. जात एकच; तरी दोन्ही विषांत समान आढळलेले रेणू थोडेच होते. कोकणात दंश जिवावर बेततो आणि पठारावर तसे क्वचित होते, अशी जी वैद्यकीय निरीक्षणे होती, त्यांच्या उलगड्याची ही पहिली पायरी मानली गेली.

यावरून नगरचा विंचू निरुपद्रवी आहे असा अर्थ काढणे धोक्याचे ठरेल. विषाचा परिणाम वजनावर अवलंबून असतो. दहा-बारा किलोच्या मुलाला तोच डंख कितीतरी अधिक भारी पडतो. पठारावरही मुलांना घाम, उलट्या, गार हातपाय ही लक्षणे होतात, आणि ती दिसली की वेळ दवडता येत नाही. कोपीत झोपलेले ऊसतोड मजुराचे मूल रात्री दोन वाजता किंचाळून उठते, तेव्हा विषाच्या प्रादेशिक भेदाची चर्चा त्याच्या आईच्या उपयोगाची नसते. तिच्या उपयोगाची असते ती जवळच्या आरोग्य केंद्रातील प्राझोसिनची गोळी, आणि ती केव्हा द्यायची हे जाणणारा डॉक्टर. दंशाची जागा कापणे, घट्ट आवळपट्टी बांधणे, मंत्र-उतारा करण्यात तास घालवणे यांनी नुकसानच होते. सर्पदंशावरील प्रतिविषाचा विंचूदंशावर काहीही उपयोग नाही. प्राझोसिनही घरी स्वतःहून द्यायचे औषध नव्हे. त्याने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, म्हणून ते देखरेखीखाली आणि रुग्णाला आडवे ठेवूनच द्यावे लागते.

विंचवावरील प्रतिविष असते, आणि ते मुंबईच्या हाफकिनमधल्या कामातून आले. तांबड्या विंचवाच्या विषाने घोड्यांत प्रतिपिंडे तयार करून बनवलेल्या प्रभावी लशीचे, म्हणजेच प्रतिविष-रक्तजलाचे, काम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. महाडमध्ये बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवर घेतलेली चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२. फरक एवढा ठळक क्वचितच दिसतो. प्राझोसिन आवळलेली धमनी सोडवते, तर प्रतिविष रक्तातले विषच बांधून टाकते. दोन्हींचे काम परस्परपूरक आहे.

पण ही चाचणी कोकणातली, रुग्ण कोकणातले. तेथे सिद्ध झालेले प्रतिविष कड्याच्या अलीकडच्या विंचवाच्या निराळ्या घडणीच्या विषावर तितकेच चालेल, हे गृहीत कसे धरायचे? शंका निराधार नाही. आसाममधील तेजपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये तांबड्या विंचवाच्या विषातील प्रथिनांची सविस्तर यादी केली, तेव्हा बाजारातील प्रतिविष लहान वजनाच्या विषघटकांना पुरेसे ओळखत नाही असे आढळले. विषात भरणा याच लहान घटकांचा असतो, आणि हृदय व रक्तवाहिन्यांना घातक ठरतात तेही हेच. कारण समजण्यासारखे आहे. रेणू जितका लहान, तितके घोड्याच्या शरीराला त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड बनवणे अवघड. त्याच गटाने पुढे, २०२३ मध्ये, कमी मात्रेतील प्रतिविष, प्राझोसिन आणि जीवनसत्त्व ‘क’ यांचे मिश्रण प्रयोगशाळेतील प्राण्यांवर अधिक परिणामकारक ठरल्याचे दाखवले. माणसांवरील चाचण्या ही पुढची पायरी.

या सगळ्यात एक विसंगती जाणवते. आयबेरिओटॉक्सिनची रचना पूर्ण उलगडली असल्याने ते आता प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनते. जगात कोठेही धमनीच्या तुकड्यावर प्रयोग करायचा तर कुपी मागवली की झाले, विंचू लागत नाही. प्रतिविषासाठी मात्र अजून विंचूच लागतो. तो दगड उलटून, चिमट्याने उचलून आणावा लागतो, शेपटीला विजेचा सौम्य झटका देऊन नांगीच्या टोकावरचा थेंब टिपावा लागतो, आणि एका विंचवाकडून मिळणारे विष इतके अल्प असते की घोड्याला पुरेल एवढे जमवायला विंचवांची मोठी संख्या लागते. म्हणून ते जेथून सोयीचे, तेथून गोळा होतात. नगरच्या रुग्णाला हवे असलेले प्रतिविष बनवायचे, तर त्या विंचवांपैकी काही पारनेर-कर्जतच्या बांधांवरचे असावे लागतील, आणि त्यांच्या विषावर ते तपासूनही पाहावे लागेल.